पुरावा सरकारच्याच कपाटात : सेंट ॲन्स निवासी शाळेचं प्रकरण

२०१३ सालापर्यंत कॅनडाच्या केंद्र सरकारच्या एका अधिकृत वृत्तान्तात असं नोंदवलेलं होतं, की फोर्ट ऑल्बनी इथल्या सेंट ॲन्स या मूलनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळेत लैंगिक अत्याचाराची एकही घटना कागदपत्रांत आढळत नाही. हा वृत्तान्त म्हणजे कुठल्या ग्रंथालयात धूळ खात पडलेलं टिपण नव्हतं. लहानपणी त्या शाळेत जे सोसलं त्याची भरपाई मागायला आलेल्या प्रत्येकाच्या सुनावणीत तो निवाडा करणाऱ्यापुढे ठेवला जायचा. आणि ज्या सरकारनं तो लिहिला, त्याच सरकारकडे जवळपास दहा वर्षांपासून पोलिसांनी याच शाळेबद्दल घेतलेल्या जबाबांचे गठ्ठे होते.

मे २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्लूप्सच्या शाळेच्या आवारात रडार पाहणी झाली, सुमारे २१५ अज्ञात थडगी असावीत असं जाहीर झालं आणि जगभरच्या वृत्तपत्रांना निवासी शाळा हा विषय कळला. त्या बातमीनंतर बऱ्याच वाचकांच्या मनात असं चित्र राहिलं, की सत्य जमिनीत गाडलं गेलंय आणि ते उकरून काढायचंय. काही ठिकाणी ते खरंही आहे. सेंट ॲन्सची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त शिकवणारी आहे. इथे सोसणारी माणसं जिवंत होती, बोलायला तयार होती, बोललीही होती. त्यांचं बोलणं टंकलिखित होऊन सरकारी वकिलांच्या कचेरीत पोहोचलंही होतं.

करार, नदी आणि शाळा

ऑन्टारिओ म्हटलं की आपल्याला टोरंटो, मिसिसॉगा, नायगारा आठवतं. फोर्ट ऑल्बनी त्याच प्रांतात आहे, पण दूर उत्तरेला, जेम्स उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑल्बनी नदीच्या मुखाशी. क्री या मूलनिवासी लोकांची ही वस्ती. तिथे आजही बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात दलदल आणि नद्या गोठल्या की बर्फावरून तात्पुरता रस्ता तयार होतो, एरवी विमान, नाहीतर उन्हाळ्यात सामान घेऊन येणारी बोट.

१९०५ च्या ऑगस्टमध्ये सरकारचे आयुक्त इथे आले आणि त्यांनी क्री प्रमुखांबरोबर करार क्रमांक ९ वर सह्या केल्या. जमिनीच्या बदल्यात दिलेल्या आश्वासनांत शिक्षकांचे पगार आणि शाळांच्या इमारती यांचाही समावेश होता. म्हणजे शाळा ही या लोकांनी करारात मिळवलेली गोष्ट होती. मुलांना शिकवायला त्यांचा विरोध नव्हता. तीन आयुक्तांपैकी एक होते डंकन कॅम्पबेल स्कॉट. हेच स्कॉट १९१३ मध्ये मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या ‘इंडियन अफेअर्स’ खात्याचे सर्वोच्च अधिकारी झाले आणि १९२० मध्ये त्यांच्या पुढाकाराने कायदा बदलून मूलनिवासी मुलांना शाळेत घालणं सक्तीचं करण्याची तरतूद झाली. देशाच्या समाजात पुरता विरघळलेला नाही असा एकही ‘इंडियन’ (म्हणजे मूलनिवासी) उरू नये, हे आपलं उद्दिष्ट असल्याचं त्यांनी त्याच वर्षी संसदीय समितीपुढे सांगितलं. शाळेचं वचन देणाऱ्या करारावर ज्याची सही, त्यानंच पुढे शाळेला मुलं तोडून नेण्याचं हत्यार बनवलं.

सेंट ॲन्स शाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उघडली आणि १९७६ मध्ये बंद झाली. पैसा केंद्र सरकारचा, चालवणारे कॅथलिक: ओब्लेट पंथाचे धर्मगुरू आणि ‘ग्रे सिस्टर्स’ या संघाच्या नन. अटावापिस्कॅट, काशेचेवान, वीनस्क अशा किनाऱ्यावरच्या दूरदूरच्या वस्त्यांतून मुलं आणली जायची. सहा-सात वर्षांचं मूल सप्टेंबरात घरातून जायचं ते उन्हाळ्यापर्यंत परत यायचं नाही. क्री भाषा बोललं की शिक्षा. नावाऐवजी क्रमांक. देशभरात अशा दीड लाखाच्या आसपास मुलांनी निवासी शाळांत दिवस काढले. पुढे झालेल्या भरपाईच्या तडजोडीत १३९ शाळांना मान्यता मिळाली.

पण सेंट ॲन्सचं नाव त्या १३९ मध्येही वेगळं घेतलं जातं. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या साक्षींत मारहाण आहे, लैंगिक अत्याचार आहेत, आजारी मुलाला त्याचीच ओकारी पुन्हा खायला लावल्याचं आहे. आणि एक खुर्ची आहे. शाळेतच बनवलेली, वीजप्रवाह सोडलेली खुर्ची. त्यात मुलांना बसवलं जायचं. कधी शिक्षा म्हणून, कधी शाळेला भेट द्यायला आलेल्या पाहुण्यांची करमणूक म्हणून. एवढं लिहून मी थांबतो. तपशील उपलब्ध आहेत, सांगणाऱ्यांनी ते स्वतःच्या नावानिशी सांगितले आहेत, पण ते सांगण्याचा हक्क त्यांचा आहे.

कुणाला काहीच ठाऊक नव्हतं, असंही म्हणता येत नाही. १९४१ च्या एप्रिलमध्ये सेंट ॲन्समधून तीन मुलगे पळून गेले. ते पुन्हा कधीच सापडले नाहीत, आणि अधिकृत मृत्युचौकशी व्हायला वर्ष गेलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या एका शिक्षकाचं तक्रारीचं पत्र ओटावाला, त्या वेळचे खात्याचे मंत्री ज्याँ क्रेत्यें यांच्या नावे गेलं होतं. क्रेत्यें पुढे पंतप्रधान झाले. २०२१ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी सांगितलं, की मंत्री असताना अशा अत्याचारांबद्दल आपल्या कानावर कधी काही आलं नाही. त्यानंतर काही दिवसांतच ही जुनी पत्रं पत्रकारांनी पुढे आणली.

१९९२ : गावानेच भरवलेली सभा

या प्रकरणात सत्य पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं ते कुठल्याही आयोगापुढे किंवा न्यायालयात नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये फोर्ट ऑल्बनीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. तेव्हा एडमंड मेटाटावाबिन वस्तीचे प्रमुख होते. ते स्वतः सेंट ॲन्समध्ये शिकलेले. त्या खुर्चीत बसवलं गेल्याचं त्यांनी नंतर अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. मेळाव्यात एक समिती बसवली गेली आणि तीसेक माणसांनी तिच्यापुढे आपापली हकीगत सांगितली. चाळिशी-पन्नाशीतली माणसं, ज्यांनी नवऱ्याला, बायकोला, मुलांनाही आजवर काही सांगितलेलं नव्हतं, ती शेजाऱ्यांच्या देखत बोलली. तिथे ऐकणाऱ्यांत अनेक जण असे होते, ज्यांना ती हकीगत नवी नव्हती. आपल्याबरोबर दुसऱ्या कुणावर तेच झालं, हे मात्र नवं होतं.

हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. निवासी शाळांचा इतिहास नोंदवणारा सत्य व सलोखा आयोग पुढे सोळा वर्षांनी स्थापन झाला. ओब्लेट पंथाने १९९१ मध्ये लाक सेंट ॲन इथे निवासी शाळांतल्या आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली होती, पण ती सगळ्या शाळांबद्दलची, सर्वसाधारण माफी होती. कोण, कुठे, केव्हा, कुणी, हे प्रश्न गावाने आपले आपण विचारले.

त्या मेळाव्यातून पोलीस तपास उभा राहिला. ऑन्टारिओ प्रांतिक पोलिसांनी १९९२ च्या नोव्हेंबरात सुरू केलेलं काम पाच-सहा वर्षं चाललं. सुमारे ७०० पीडित आणि साक्षीदारांशी ते बोलले, ९०० च्या आसपास जबाब नोंदवले, चर्चच्या ताब्यातले सुमारे ७,००० कागद झडतीचे वॉरंट काढून जप्त केले. १९४१ पासून १९७२ पर्यंतच्या काळातल्या घटना त्यांत होत्या. ७४ संशयित निश्चित झाले. बरेच तोवर वारले होते. आरोप ठेवले गेले सात जणांवर, आणि दोषी ठरले पाच.

७०० माणसं बोलली आणि पाच जण दोषी ठरले, हा हिशोब फौजदारी न्यायाच्या दृष्टीनं समजण्यासारखा आहे: पन्नास वर्षांपूर्वीचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करणं फार अवघड. म्हणून खरं मोल त्या पाच शिक्षांपेक्षा त्या जबाबांना होतं. कॅनडातल्या फार थोड्या निवासी शाळांबद्दल इतका तपशीलवार, इतक्या माणसांनी दुजोरा दिलेला पुरावा जमला होता.

तडजोड, आणि वेदनेचे गुण

देशभरातल्या माजी विद्यार्थ्यांचे हजारो दावे न्यायालयांत साचत गेल्यावर २००६ मध्ये सगळ्या बाजूंना मान्य अशी तडजोड झाली आणि १९ सप्टेंबर २००७ पासून अमलात आली. त्या वेळी कॅनडाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक दाव्याची तडजोड होती. तिचे भाग अनेक. शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षाचे १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३,०००. सत्य व सलोखा आयोगासाठी ६ कोटी डॉलर. आणि ज्यांच्यावर गंभीर शारीरिक वा लैंगिक अत्याचार झाले त्यांच्यासाठी स्वतंत्र मूल्यमापन प्रक्रिया. या शेवटच्या प्रक्रियेत देशभरातून ३८,००० हून अधिक दावे आले आणि ३०० कोटींहून अधिक डॉलर वाटले गेले.

ही प्रक्रिया न्यायालयापेक्षा सौम्य असावी, असा हेतू होता आणि काही बाबतींत ती सौम्य होतीही. सुनावणी बंद दाराआड, उलटतपासणी नाही, प्रश्न फक्त निवाडा करणारा विचारणार, दावेदारासोबत आधाराला माणूस, हवं तर पारंपरिक विधीने सुरुवात. पण भरपाई ठरायची ती गुणांच्या तक्त्यावर. अत्याचार कोणत्या प्रकारचा, किती वेळा, त्याचा पुढच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, याला गुण. गुणांची बेरीज करून रक्कम. आठ वर्षांच्या मुलावर काय झालं, हे साठीतल्या माणसानं नेमक्या शब्दांत, तारखेच्या आसपास, अत्याचार करणाऱ्याची ओळख पटेल असं सांगायचं. न सांगता आलं तर गुण नाहीत.

असमतोल टाळायला तडजोडीतच एक अट घातलेली होती. प्रत्येक शाळेबद्दल आणि ज्यांची नावं घेतली जातील त्या माणसांबद्दल सरकारनं आपल्याकडचे कागद शोधून वृत्तान्त तयार करायचा आणि दावेदाराला द्यायचा. हे अगदी योग्य होतं. सहा वर्षांच्या मुलाकडे पावत्या नसतात. शाळा चालवणाऱ्याकडे असतात. एक उदाहरण घ्या. मोठ्या मुलानं लहान मुलावर अत्याचार केला असेल, तर अनेक बाबतींत भरपाई मिळायला कर्मचाऱ्यांना ते माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, हे दाखवावं लागे. शाळेच्या कार्यालयात कोण काय बोललं, हे ते मूल कसं सांगणार? कागदच सांगणार.

आणि सेंट ॲन्सचे कागद होते. २००० नंतरच्या काळात शाळेच्या दीडशेच्या आसपास माजी विद्यार्थ्यांनी दिवाणी दावे लावले होते. त्या दाव्यांत बचावासाठी २००३ मध्ये केंद्र सरकारनं न्यायालयाकडून आदेश मिळवून पोलीस तपासाची कागदपत्रं स्वतः घेतली होती. पुढे तडजोड झाली, मूल्यमापन सुरू झालं, सेंट ॲन्सचा वृत्तान्त लिहिला गेला, आणि त्यात पोलिसांच्या कागदांतलं काही आलं नाही. दावे करण्याची मुदत १९ सप्टेंबर २०१२ ला संपली तोवर हे असंच चालू राहिलं.

या सगळ्या व्यवस्थेतली मूळ गाठ इथे दिसते, आणि मला वाटतं ती फक्त सेंट ॲन्सपुरती नाही. ज्याच्यावर दावा आहे त्याच्याकडेच पुरावा शोधण्याचं काम होतं. आपल्याविरुद्धचा कागद आपणच कपाटातून काढून समोरच्याच्या हाती द्यायचा, अशी अपेक्षा. सत्य व सलोखा आयोगालाही हाच अनुभव आला: राष्ट्रीय अभिलेखागारातली कागदपत्रं सरकारनं शोधून द्यायला हवीत की नाही, यासाठी आयोगाला न्यायालयात जावं लागलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन गौज यांनी आयोगाच्या बाजूने निकाल दिला. आयोगाला साक्षीदारांना हजर राहायला भाग पाडण्याचा अधिकार नव्हता, दोषी न ठरलेल्या माणसाचं नाव घेण्याचीही मुभा नव्हती. मरी सिंक्लेअर, विल्टन लिटलचाइल्ड आणि मरी विल्सन या तिघांनी त्या चौकटीत ६,५०० हून अधिक निवेदनं ऐकली आणि २०१५ मध्ये या साऱ्याला ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटलं, हे त्यांचं मोठं काम आहे. पण चौकट अपुरी होती, आणि ती अपुरी ठेवण्यात प्रतिवादींचाही हात होता.

२०१४ चा निकाल आणि नंतरची आठ वर्षं

मेटाटावाबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पोलीस तपासाची माहिती होतीच. त्यांनीच तर तो घडवून आणला होता. आपल्या माणसांच्या सुनावण्यांत त्यातलं काहीच येत नाही, हे कळल्यावर ते मागे लागले. त्यांच्या भागाचे खासदार चार्ली अँगस यांनी मंत्र्यांना पत्रं लिहिली, संसदेत विषय लावून धरला. साठेक माजी विद्यार्थी न्यायालयात गेले.

सरकारचा बचाव ऐकून घ्यायला हवा. एका दाव्यात मिळालेली कागदपत्रं दुसऱ्या कामासाठी वापरायची नाहीत, असा न्यायालयीन दंडक आहे. जबाब देणाऱ्यांची खासगी माहिती जपायची आहे. शिवाय जबाब म्हणजे आरोप, सिद्ध झालेली घटना नव्हे. यातला कुठलाही मुद्दा हास्यास्पद नाही. पण दंडकाची अडचण होती तर परवानगी मागता आली असती. नावं झाकता आली असती. पाच माणसं न्यायालयात दोषी ठरली, ती गोष्ट तर जाहीर होती. तरीही वृत्तान्तात ‘काही आढळत नाही’ असं लिहिलं जात राहिलं, याला यातलं एकही कारण पुरत नाही.

१४ जानेवारी २०१४ ला ऑन्टारिओच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉल पेरेल यांनी सरकारला पोलिसांचे कागद द्यायला सांगितलं. सरकारनं तडजोडीतल्या आपल्या जबाबदारीचा अर्थ फार संकुचित लावला, आणि त्यामुळे दावेदारांची न्याय मिळवण्याची वाट अडली, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरकारनं वाईट हेतूनं कागद दडवले असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. कायद्याच्या भाषेत हा फरक मोठा आहे. काशेचेवानमधल्या किंवा अटावापिस्कॅटमधल्या एखाद्या आजीला तो कसा समजावून सांगायचा, हे मला कळत नाही. तिची सुनावणी तोवर होऊन गेलेली. तिला जे आठवलं नाही, त्यातलं थोडंफार कदाचित तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीनं १९९३ मध्ये पोलिसांना सांगून ठेवलेलं.

निकालानंतर जे कागद आले त्यांत ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या. पुन्हा न्यायालय. मग जुने निवाडे पुन्हा उघडायचे की नाहीत, यावर पुन्हा न्यायालय. ज्यांचे दावे नाकारले गेले किंवा कमी गुणांत निकाली निघाले, त्या सगळ्यांच्या सुनावण्या नव्या पुराव्यासह फिरून घ्या, अशी मेटाटावाबिन आणि इतरांची मागणी होती. सरकारचं म्हणणं, निवाडे अंतिम आहेत. २०१३ पासूनच्या या लढतीवर केंद्र सरकारनं वकिलांपोटी ३० लाखांहून अधिक डॉलर खर्च केल्याचं पुढे उघड झालं. स्टीफन हार्पर यांनी ११ जून २००८ ला संसदेत उभं राहून माफी मागितली होती. त्यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या जस्टिन ट्रूडो यांनी सलोख्याला आपल्या राजवटीचं मोठं उद्दिष्ट म्हटलं. पक्ष बदलला, सेंट ॲन्सबाबत न्यायालयातली भूमिका फारशी बदलली नाही.

शेवटी सरकारनंच सुचवलेल्या वाटेनं एक स्वतंत्र पुनर्विलोकन झालं. निवृत्त न्यायाधीश इयन पिटफील्ड यांनी सेंट ॲन्सची ४२७ प्रकरणं तपासली आणि ११ मध्ये जास्त भरपाई देय असू शकते असं सांगितलं. सरकारच्या दृष्टीनं प्रश्न मिटला: ४२७ मध्ये ११, म्हणजे कागद नसल्यानं फारसं बिघडलं नव्हतं. मला हा आकडा इतका निर्णायक वाटत नाही. तो मोजतो फक्त रक्कम, आणि तीही आधीच झालेल्या सुनावण्यांच्या कागदांवरून. कागद हाती असते तर माणूस सुनावणीत किती वेगळ्या धीरानं बोलला असता, वकिलाने काय विचारलं असतं, निवाडा करणाऱ्यानं कुठे थांबून ऐकलं असतं, हे जुन्या प्रतिलेखात सापडणार नाही. पुराव्याअभावी आपलं कोण खरं मानेल, म्हणून जे आलेच नाहीत, ते तर ४२७ मध्ये मोजलेलेच नाहीत. २० ऑक्टोबर २०२२ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं माजी विद्यार्थ्यांचं अपील ऐकायला नकार दिला. कारणं द्यायची तिथे पद्धत नाही, त्यामुळे कारणं दिली नाहीत.

आठवण कुणाची

या प्रकरणातला एक प्रश्न असा आहे, की ज्यावर मी सहज बाजू घेऊ शकत नाही. मूल्यमापन प्रक्रियेत देशभरातल्या ३८,००० माणसांनी जे सांगितलं त्या नोंदींचं काय करायचं? विनिपेगमधल्या मॅनिटोबा विद्यापीठात सत्य व सलोख्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्याला आणि केंद्र सरकारलाही या नोंदी इतिहासासाठी जपायच्या होत्या. विरुद्ध बाजूला अनेक दावेदार: आम्ही बोललो ते गुप्ततेच्या शब्दावर. छोट्याशा वस्तीत, जिथे अत्याचार करणाऱ्याची नातवंडं शेजारी राहतात, तिथे ही कागदपत्रं उद्या कुणाच्या हाती पडली तर?

६ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या बाजूचं ऐकलं. नोंदी १५ वर्षं, म्हणजे दाव्यांची मुदत संपल्यापासून १९ सप्टेंबर २०२७ पर्यंत, ठेवायच्या. त्या काळात दावेदारानं आपणहून संमती दिली तर त्याची नोंद विनिपेगच्या राष्ट्रीय केंद्राकडे जाईल; नाहीतर नष्ट होईल. आपलं सांगणं कुणाच्या हाती राहावं हे ठरवण्याचा हक्क सांगणाऱ्याचा, हे तत्त्व मला पटतं. इतकी वर्षं दुसऱ्यांनीच त्यांच्याबद्दल सगळं ठरवलं. पण जे दावेदार काही न ठरवता वारले, त्यांच्या वतीनं दुसरं कुणी संमती देऊ शकत नाही. सेंट ॲन्सच्या बाबतीत तर हे विशेष जाचतं: ज्या सरकारनं आपल्याकडचे कागद दहा वर्षं पुढे आणले नाहीत, त्याच्याविरुद्ध बोललेल्या माणसांचेच शब्द आता मुदतीनंतर नाहीसे होणार.

सावरणं

भरपाईच्या हिशोबात सावरण्यासाठी वेगळे पैसे होते. १९९८ मध्ये ३५ कोटी डॉलरच्या निधीनं मूलनिवासींच्या उपचारांसाठी एक प्रतिष्ठान उभं राहिलं, तडजोडीत त्याला आणखी साडेबारा कोटी मिळाले, देशभर वस्त्यावस्त्यांत कामं झाली आणि २०१४ मध्ये ते बंद झालं. गरज संपली म्हणून नव्हे. निधी संपला म्हणून. दोन वर्षांनी, ९ एप्रिल २०१६ ला, अटावापिस्कॅटमध्ये एकाच दिवशी ११ जणांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला आणि वस्तीनं आणीबाणी जाहीर केली. त्या तरुणांनी सेंट ॲन्सचा उंबरठा कधी पाहिला नव्हता. त्यांच्या मागच्या पिढ्यांनी पाहिला होता. गर्दीची घरं, खराब पाणी, तुटपुंज्या सेवा, अशी इतर कारणंही आहेत आणि ती लपवू नयेत. पण आईबापांची माया कशी करायची हे बघायला मिळालं नाही त्या पिढीनं पुढे संसार केले, हे त्या वस्तीतली माणसं स्वतः सांगतात.

मेटाटावाबिन यांनी आपल्या दारूच्या व्यसनाबद्दल आणि त्यातून बाहेर पडण्याबद्दल उघडपणे सांगितलं आहे. व्यसनमुक्तीची सभा आणि क्री परंपरेतले विधी, दोन्हींचा त्यांना आधार झाला. फोर्ट ऑल्बनीत वडीलधारी आणि तरुण मिळून ऑल्बनी नदीवर होडीनं दिवसच्या दिवस प्रवास करतात. जुन्या मुक्कामाच्या जागा, त्यांची क्री नावं, कुठे मासे, कुठे पूर्वजांची थडगी, हे जाता जाता सांगितलं जातं. शाळेनं जे नेमकं तोडलं, म्हणजे वडील पिढीनं धाकट्या पिढीला आपली भूमी आपल्या भाषेत दाखवणं, तेच इथे पुन्हा जोडलं जातं. याला गुणांच्या तक्त्यात रकाना नाही, आणि यासाठी लागणारे पैसे न्यायालयात घातलेल्या ३० लाखांपेक्षा खूप कमी आहेत.

मराठी वाचकाचा या प्रकरणाशी एक थेट धागा आहे, तो सांगतो. कॅनडात स्थायिक होणारी आपली माणसं नागरिकत्व घेताना शपथ घेतात. सत्य व सलोखा आयोगाच्या ९४ शिफारशींपैकी शेवटची याच शपथेबद्दल होती, आणि जून २०२१ पासून शपथेत मूलनिवासी लोकांचे संविधानानं मान्य केलेले करारांतर्गत हक्क मानण्याचा उल्लेख आला. ब्रॅम्प्टन, मिसिसॉगातल्या मराठी घरांतली मुलं ३० सप्टेंबरला, निवासी शाळांतल्या मुलांच्या स्मरणदिनी, नारिंगी शर्ट घालून शाळेत जातात. उत्तर ऑन्टारिओतलं ज्याचं खनिज, जंगल आणि जलविद्युत सारा प्रांत वापरतो, तो मुलूख बहुतेक करार क्रमांक ९ चाच. तेव्हा त्या करारातला शाळेचा शब्द कसा पाळला गेला, हे त्या शपथेच्या आधी वाचून घ्यायला हरकत नाही.

कायद्याच्या वाटा आता जवळपास संपल्या आहेत. उरलंय ते राजकीय. न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता सरकार सेंट ॲन्सच्या माजी विद्यार्थ्यांशी बोलून नव्या सुनावण्या देऊ शकतं; तडजोडीत तसं करायला मनाई नाही. पोलिसांना जबाब दिलेल्यांपैकी जे हयात आहेत त्यांना आपापल्या जबाबाची प्रत घरपोच मिळू शकते. आणि मूल्यमापनाच्या नोंदींची मुदत १९ सप्टेंबर २०२७ ला संपण्याआधी प्रत्येक दावेदाराला, त्याच्या वस्तीत जाऊन, त्याच्या भाषेत, जपायचं की नष्ट करायचं हे विचारता येऊ शकतं. जेम्स उपसागराच्या किनाऱ्यावर क्री दुभाष्यासह हे करायला बर्फाचा रस्ता आणि लहान विमानं आहेतच. १९९२ नंतर पोलीस तेवढ्यावरच ७०० जणांपर्यंत पोहोचले होते.